नोएल शॅव्हास: ऑलिंपिक धावपटू, पलटणीचा डॉक्टर

दूरवाट

व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक, दोनदा मिळालेली माणसं आजवर तीनच झाली. त्यांतले दोघे डॉक्टर: आर्थर मार्टिन-लीक आणि नोएल शॅव्हास. तिसरा न्यूझीलंडचा चार्ल्स अपहॅम, दुसऱ्या महायुद्धातला. या तिघांत लढाईतून परत न आलेला एकटा शॅव्हास. ४ ऑगस्ट हा त्याचा स्मृतिदिन. मराठीत त्याच्याबद्दल फारसं काही वाचायला मिळत नाही, म्हणून हा धागा.

जन्म ९ नोव्हेंबर १८८४, ऑक्सफर्ड. जुळा भाऊ ख्रिस्तोफर. वडील १९०० साली लिव्हरपूलचे बिशप झाले आणि सगळं बिऱ्हाड तिकडे गेलं. सात भावंडं, त्यांत जुळ्यांच्या दोन जोड्या. नोएल आणि ख्रिस्तोफर दोघंही १९०४ मध्ये ऑक्सफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाले. नोएलला १९०७ साली शरीरक्रियाशास्त्रात प्रथम वर्ग मिळाला. त्याच वर्षी केंब्रिजविरुद्धच्या सामन्यात शंभर यार्डांच्या शर्यतीत त्याने बरोबरी साधली. अभ्यास आणि मैदान या दोन्हींत एकाच वर्षी इतकं करणारा विद्यार्थी कुठल्याही कॉलेजला अभिमानाने मिरवावासा वाटेल.

१९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये दोघे भाऊ ४०० मीटर धावले. प्राथमिक फेरीत ख्रिस्तोफर आपल्या गटात दुसरा आला, नोएल तिसरा. पुढे फक्त पहिल्यालाच जाता येत होतं, त्यामुळे दोघांचं ऑलिंपिक तिथेच संपलं.

मग लिव्हरपूलमध्ये डॉक्टरकीचं शिक्षण. तिथे अस्थिशल्यविशारद रॉबर्ट जोन्स यांच्या हाताखाली तो शिकला. १९१२ मध्ये डॉक्टर झाला. पुढच्याच वर्षी प्रादेशिक सेनेच्या वैद्यकीय दलात कमिशन घेऊन तो 'लिव्हरपूल स्कॉटिश' या पलटणीचा डॉक्टर झाला. पहिल्या महायुद्धात, नोव्हेंबर १९१४ मध्ये ही पलटण फ्रान्सला पोचली.

आता मूळ मुद्द्यावर येतो. शॅव्हासवर जे लिहिलं जातं त्यात दोन पदकं आणि ती दोन धाडसं एवढंच येतं. मला वाटतं, त्याचं मोठेपण त्याच्या आधीच्या हिवाळ्यात आहे. १९१४-१५ चा हिवाळा या पलटणीने बेल्जियममध्ये केमेलजवळच्या खंदकांत काढला. स्कॉटिश पोशाखातले किल्ट आणि साधे बूट घालून माणसं गुडघाभर चिखलात दिवसच्या दिवस उभी. गोळ्यांपेक्षा थंडीने, तापाने आणि पाय सुजून-सडून जास्त माणसं कमी झाली. अशा वेळी डॉक्टरचं काम म्हणजे रोज पाय तपासणं, कोरडे मोजे मिळवणं, पाणी स्वच्छ आहे का बघणं, धनुर्वातविरोधी सीरम वेळेवर टोचणं. शॅव्हास घरी पत्रं लिहून पलटणीसाठी मोजे आणि इतर वस्तू मागवत असे. मनाने खचलेल्या पोरांना भेकड ठरवण्याऐवजी काही दिवस मागच्या बाजूला हलक्या कामावर ठेवण्याकडे त्याचा कल होता. त्या काळात हे सोपं नव्हतं. खंदकातून पळालेल्या माणसाला तेव्हा गोळी घातली जायची.

यातून पलटणीतल्या माणसांचा त्याच्यावर जो विश्वास बसला, तो पदकाआधीचा आहे. रात्री जखमींना शोधायला चला म्हटल्यावर वीस जण आपणहून पुढे येतात, ते कोणाच्या मागे येतात हे बघा.

१६ जून १९१५ ला हूझची लढाई झाली. एका दिवसात पलटणीचा बहुतांश भाग मेला, जखमी झाला किंवा बेपत्ता झाला. तिथल्या कामाबद्दल त्याला मिलिटरी क्रॉस मिळाला.

पहिला व्हिक्टोरिया क्रॉस ९ ऑगस्ट १९१६ चा, सोमच्या लढाईत गिलमाँ गावाजवळचा. सन्मानपत्रात क्रम नीट दिलेला आहे. दिवसभर उघड्यावर, शत्रूच्या नजरेसमोर जखमींवर उपचार. मग रात्री चार तास शत्रूच्या रेषेपुढच्या जमिनीवर शोध. दुसऱ्या दिवशी एका स्ट्रेचरवाल्याला बरोबर घेऊन, तोफगोळे पडत असताना एका गंभीर जखमीला ५०० यार्ड उचलून आणलं. वाटेत त्याच्या स्वतःच्या कुशीत गोळ्याचा तुकडा घुसला. त्याच रात्री वीस स्वयंसेवक घेऊन तो पुन्हा गेला. शत्रूच्या खंदकापासून अवघ्या २५ यार्डांवरच्या खड्ड्यातून तीन जखमी बाहेर काढले, दोन अधिकाऱ्यांचे मृतदेह पुरले आणि मेलेल्यांच्या गळ्यातल्या ओळखपट्ट्या गोळा केल्या.

या ओळखपट्ट्यांपाशी मी थांबतो. मेलेल्या माणसाला डॉक्टरचा आता काही उपयोग नसतो. पण पट्टी मिळाली नाही तर घरी 'बेपत्ता' अशी तार जाते, आणि आई वर्षानुवर्षं दाराकडे बघत बसते. मशीनगन चालू असताना त्याने त्या घरांचा विचार केला.

दुसरा क्रॉस ईप्रच्या तिसऱ्या लढाईतला. ३१ जुलै १९१७, वील्त्ये गावाजवळ. पहिल्याच दिवशी एका जखमीला नेताना त्याच्या डोक्याला मार लागला. पट्टी बांधून घेतली आणि मागे जायला नकार दिला. संध्याकाळपासून पाऊस सुरू झाला आणि ती सगळी जमीन चिखल झाली. दोन दिवस जवळजवळ अन्नाशिवाय तो काम करत राहिला, पुन्हा पुन्हा बाहेर जाऊन जखमींना आणत राहिला. २ ऑगस्टच्या पहाटे त्याच्या उपचार-ठाण्यात तोफगोळा पडला. पोटात जबर जखम झाली. ब्रांडहुकच्या ३२ नंबरच्या शस्त्रक्रिया केंद्रात त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली, पण ४ ऑगस्टला तो गेला. वय ३२. शेवटच्या दिवशी त्याने वाग्दत्त वधू ग्लॅडिससाठी नर्सकडून निरोप लिहवून घेतला: कर्तव्याने हाक दिली आणि ती मला पाळावीच लागली.

दुसऱ्या क्रॉसची घोषणा १४ सप्टेंबरला झाली, मरणोत्तर.

धाकटा भाऊ एडन महिनाभर आधीच, जुलै १९१७ मध्ये त्याच भागात बेपत्ता झाला होता. त्याचा देह कधीच सापडला नाही.

कोरडवाहू

लेख आवडला. मी स्वतः धावतो, म्हणून ४०० मीटरबद्दल दोन शब्द. ही शर्यत फार निर्दयी. शंभर मीटरसारखा पूर्ण वेग लावायचा आणि तो चारपट अंतर टिकवायचा. शेवटच्या ऐंशी मीटरात पाय दगडाचे होतात, डोळ्यांसमोर धूसर होतं. तिथे डोकं शाबूत ठेवणं हेच या शर्यतीचं खरं शिक्षण.

१९०८ च्या त्याच ४०० मीटरचं सुवर्णपदक विंडहॅम हॉल्सवेलला मिळालं, तेही विचित्र पद्धतीने. अंतिम शर्यतीत अमेरिकेच्या कारपेंटरने त्याला अडवलं म्हणून शर्यत रद्द झाली आणि पुन्हा घ्यायची ठरली. बाकीचे दोन अमेरिकन धावलेच नाहीत. हॉल्सवेल मैदानावर एकटा धावला. आणि हा हॉल्सवेलही सैन्याधिकारी होता. ३१ मार्च १९१५ ला फ्रान्समध्ये नव्ह-शापेलजवळ नेमबाजाच्या गोळीने मारला गेला. म्हणजे त्या शर्यतीचा विजेता आणि पहिल्याच फेरीत बाद झालेला शॅव्हास, दोघंही दोन-अडीच वर्षांच्या अंतराने गेले.

आरएमओ_निवृत्त

मी सैन्याच्या वैद्यकीय सेवेत होतो, त्यातली काही वर्षं आरएमओ (रेजिमेंटल मेडिकल ऑफिसर, म्हणजे पलटणीचा डॉक्टर) म्हणून. त्यामुळे हा लेख वाचताना माझ्या मनात आदराबरोबर एक प्रश्न आला, तो स्पष्ट मांडतो.

आरएमओची जागा आरएपीत, म्हणजे रेजिमेंटल एड पोस्टमध्ये. जखमींना आणायचं काम स्ट्रेचरवाल्यांचं. डॉक्टर स्वतः पुढे गेला आणि पडला, तर त्या रात्री पलटणीला डॉक्टर राहत नाही. रक्त थांबवायला, श्वासमार्ग मोकळा करायला, कोणाला आधी मागे पाठवायचं हे ठरवायला कोणीच उरत नाही. एक जखमी आणताना पुढचे वीस गमावले जाऊ शकतात. आम्हाला हे सुरुवातीपासून बजावलेलं असतं.

शॅव्हासच्या धैर्याबद्दल शंका नाही. पण आज एखाद्या तरुण डॉक्टरने त्याचं अनुकरण करावं असं मी सांगणार नाही.

दूरवाट

@आरएमओ_निवृत्त, तुमचा मुद्दा योग्य आहे आणि तुम्हीच तो मांडलात याचं मला समाधान आहे. फक्त दोन गोष्टी.

गिलमाँला तो रात्री बाहेर गेला तेव्हा दिवसभराचं आरएपीचं काम करूनच गेला होता. सन्मानपत्रातही शेवटी म्हटलंय की त्याच्या हाताखालून गेलेल्या नेहमीच्या रुग्णांव्यतिरिक्त त्याने वीसेक गंभीर जखमींचे प्राण वाचवले. ठाणं सोडून तो बाहेर भटकत होता असं नाही.

वील्त्येला परिस्थिती वेगळी होती. चिखलात एक स्ट्रेचर न्यायला चारऐवजी सहा-आठ माणसं लागायची, आणि तीही अर्ध्या वाटेत थकून पडायची. ठाण्यात वाट बघत बसलं असतं तर जखमी पोचलेच नसते. चिखलात पडलेल्या माणसाकडे फार वेळ नसतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

तरीही डोक्याला मार लागल्यावर मागे न जाण्याबद्दल मात्र तुमच्याशी सहमत होतो. डोक्याला मार लागलेल्या डॉक्टरचा निर्णय किती भरवशाचा राहतो, हा प्रश्न खरा आहे.

आरएमओ_निवृत्त

चिखलाबद्दल मान्य. मी बर्फात स्ट्रेचर नेलेलं पाहिलंय. तिथे जखमीचं वजन नाही, पायाखालची जमीन ठरवते की तो जगणार का. ठाण्यापासून हाकेच्या अंतरावर असलेला माणूस पोचायला तास लागलेला मी पाहिला आहे. जखमेवर बांधलेला पट्टा दर थोड्या वेळाने बघावा लागतो, आणि वाटेत त्याची जबाबदारी घेणारं कोणी नसेल तर तो माणूस ठाण्यात पोचतो तो प्रेत होऊनच. त्यामुळे तुमचं दुसरं म्हणणं पटलं.

आणि मोजे-पाय-पाण्याबद्दल जे लिहिलंत त्याला माझा सलाम. आरएमओचं नव्वद टक्के काम तेच असतं आणि त्याला कधीच पदक मिळत नाही.

निळी_शाई

माहितीबद्दल आभार. ग्लॅडिसबद्दल वाचून गलबलून आलं.

मोतीबाग_४४००

नागपूरकर म्हणून एक धागा जोडतो. लेखात उल्लेख असलेले आर्थर मार्टिन-लीक हे बंगाल-नागपूर रेल्वेचे वैद्यकीय अधिकारी होते. मुख्यालय कलकत्त्याला, पण रेल्वेच्या नावातच आमचं गाव. नागपूरचं मोतीबाग याच रेल्वेचं, माझ्या आजोबांची नोकरीही त्याच लाइनवर.

मार्टिन-लीकना पहिला क्रॉस बोअर युद्धातल्या फेब्रुवारी १९०२ च्या कामगिरीबद्दल मिळाला, दुसरा ऑक्टोबर-नोव्हेंबर १९१४ मधल्या ईप्रजवळच्या कामगिरीबद्दल. म्हणजे दोनदा व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेला पहिला माणूस आमच्या रेल्वेचा डॉक्टर! आणि योगायोग असा की ऑगस्ट १९१७ मध्ये शॅव्हासला ब्रांडहुकला आणलं ते मार्टिन-लीकच्याच फील्ड अँब्युलन्स तुकडीने. युद्ध संपल्यावर ते पुन्हा रेल्वेच्या नोकरीत रुजू झाले आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिले.

खडकवाट

लेखकाच्या अभ्यासाबद्दल आदर आहे. पण मला एक टोचतंय. बिशपचा मुलगा, ऑक्सफर्डचा धावपटू, त्याचं नाव सगळ्यांना माहीत. त्याच युद्धात आपल्या गावांतून गेलेली माणसं मात्र नावाशिवायच राहिली. कित्येक गावांच्या चावडीवर वा शाळेच्या भिंतीवर दगडी पाटी असते: या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यांतले इतके मेले. नुसते आकडे, नावं नाहीत. शॅव्हासने ओळखपट्ट्या गोळा केल्या, आपल्या माणसांच्या कोणी केल्या?

दूरवाट

@खडकवाट, हा प्रश्न धाग्याच्या बाहेरचा नाही, उलट विषयाच्या मुळाशी आहे. मेसोपोटेमियाबद्दल (आजचा इराक) लिहितो.

तिथे गेलेल्या सहाव्या डिव्हिजनचं नावच पूना डिव्हिजन. १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी तिच्यात होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोनची लढाई झाली, त्यानंतर कूतचा वेढा, आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. टेसिफोनहून जखमींना स्प्रिंग नसलेल्या खेचरगाड्यांतून नदीपर्यंत नेलं गेलं. हाडं मोडलेली माणसं खडबडीत वाळवंटातून नुसत्या फळ्यांवर. पुढे बोटींवर, मलमूत्रात पडलेल्या अवस्थेत, दिवसेंदिवस प्रवास करून बसऱ्याला. डॉक्टर कमी, पट्ट्या कमी, औषधं कमी.

बसऱ्याला ती माणसं उतरताना पाहून इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या एका डॉक्टरने, मेजर मार्कहॅम कार्टरने, तक्रार केली. वरिष्ठांनी त्यालाच अटकेची धमकी दिली. तो मागे हटला नाही. पुढे मेसोपोटेमिया आयोगापुढे त्याने साक्ष दिली. १९१७ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेनना जुलैत राजीनामा द्यावा लागला. त्याच जुलैच्या शेवटच्या दिवशी शॅव्हास वील्त्येला जखमी झाला.

म्हणून मला शॅव्हास महत्त्वाचा वाटतो. एका पलटणीच्या माणसांना शॅव्हाससारखा डॉक्टर मिळाला आणि टेसिफोनच्या मराठ्यांना फळ्यांची गाडी मिळाली. दोन्ही एकाच साम्राज्याचे शिपाई. पाय कोरडे ठेवणारा, रात्री शोधायला येणारा डॉक्टर असणं म्हणजे काय, हे शॅव्हासकडे पाहून कळतं, आणि मग आपल्या माणसांच्या वाट्याला काय आलं नाही तेही कळतं.

खडकवाट

हे पटलं. कार्टरबद्दल मला माहीत नव्हतं. त्याच्यावर वेगळा धागा काढाच.

कोरडवाहू

डॉक्टर-खेळाडूंची आणखी दोन नावं, दोन्ही स्कॉटलंडची, दोन्ही रग्बीची.

जेम्स हगन. एडिनबरामध्ये वैद्यकीय शिक्षण. २१ मार्च १९१४ ला इंग्लंडविरुद्ध खेळला, इंग्लंड १६-१५ असं जिंकलं, हगनने त्यात एक ट्राय नोंदवला. सहा महिन्यांत तो फ्रान्समध्ये एन नदीकाठच्या लढाईत पोचला. एका कोठाराला आग लागली, आत जखमी जर्मन शिपाई होते. हगनने माणसं गोळा करून त्यांना बाहेर काढलं. शत्रूचे जखमी! दोन दिवसांनी, १६ सप्टेंबर १९१४ ला तो मारला गेला.

त्या सामन्याच्या करंडकाचं आपल्याशी नातं आहे. कलकत्ता फुटबॉल क्लब बंद पडला तेव्हा बँकेतले चांदीचे रुपये काढून, ते वितळवून हा करंडक केला. हात नागाचे आणि झाकणावर हत्ती. अजूनही इंग्लंड-स्कॉटलंड सामना कलकत्ता कपसाठीच होतो.

दुसरा डेव्हिड बेडेल-सिव्हराइट. स्कॉटलंडकडून २२ सामने, १९०४ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर ब्रिटिश संघाचा कर्णधार, शिवाय मुष्टियोद्धा. नौदलाचा सर्जन म्हणून गॅलिपोलीला गेला. ५ सप्टेंबर १९१५ ला मरण आलं ते गोळीने नाही, कीटकाच्या दंशाने रक्तात विष भिनून. दफन समुद्रात.

आरएमओ_निवृत्त

हगनचं उदाहरण फार मोलाचं. जखमी झाल्यावर माणूस शत्रू राहत नाही, हे आम्ही शिकतो आणि शिकवतो. पण आग लागलेल्या कोठारात ते करून दाखवणं वेगळं. बेडेल-सिव्हराइटबद्दल वाचून हळहळ वाटली. प्रतिजैविकांच्या आधीच्या काळात एवढा बलदंड माणूस एका दंशाने जायचा.

निळी_शाई

ख्रिस्तोफरचं पुढे काय झालं?

दूरवाट

@निळी_शाई, तोही युद्धात होता, धर्मगुरू म्हणून, आणि त्यालाही मिलिटरी क्रॉस मिळाला. युद्धानंतर वडिलांबरोबर त्याने ऑक्सफर्डला सेंट पीटर्स हे विद्यार्थीगृह सुरू केलं, ते आज कॉलेज आहे. पुढे तो रोचेस्टरचा बिशप झाला. आणखी एक भाऊ बर्नार्ड, तोही पलटणीचा डॉक्टर होता, मिलिटरी क्रॉस मिळवून जिवंत परतला आणि नामांकित नेत्रतज्ज्ञ झाला. चार भावांतले दोन गेले, दोन उरले. नोएलची पदकं पुढे बरीच वर्षं सेंट पीटर्सकडे होती, २००९ मध्ये ती एका खासगी संग्राहकाकडे गेली.

लिव्हरपूलला अ‍ॅबरक्रॉम्बी चौकात त्याचा पुतळा आहे. पुतळ्यात तो एकटा नाही, स्ट्रेचरवाला आणि जखमीही आहेत. ही मांडणी मला फार योग्य वाटते.

परदेशी_पाहुणा

मी सध्या ब्रसेल्सला आहे. त्याची कबर बघायला जायचं तर कुठे? कोणी गेलंय का?

दूरवाट

@परदेशी_पाहुणा, ईप्र आणि पोपरिंगे यांच्यामध्ये ब्रांडहुक गाव लागतं. तिथे लष्करी दफनभूमी एकापेक्षा जास्त आहेत, तुम्हाला 'ब्रांडहुक न्यू मिलिटरी सिमेटरी' हवी. तिसरा विभाग, बी रांग, १५ नंबरची कबर. दगडावर दोन व्हिक्टोरिया क्रॉस कोरलेले आहेत, त्यामुळे चुकणार नाही. ब्रसेल्सहून रेल्वेने ईप्रला उतरून पुढे टॅक्सी वा सायकल.

जमलं तर संध्याकाळी ईप्रच्या मेनिन गेटला थांबा. एडनचं नाव तिथल्या बेपत्तांच्या यादीत आहे. भारतीय शिपायांची नावंही त्याच भिंतींवर आहेत. तीही वाचा, आणि शक्य असेल तर फोटो इथे टाका. @खडकवाटला ते हवे असतील.

खडकवाट

नक्की हवेत. मराठी आडनावं दिसली तर वेगळे काढा.